कातळाला नाव कुणी ठेवलं?

पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्याने लोणावळ्याकडे निघालं की कार्ला फाटा लागतो. तिथून उजवीकडे वळलं की कार्ल्याच्या लेण्यांची वाट. पण ज्या डोंगरात ही लेणी आहेत त्याच्या पायथ्याचं गाव कार्ला नव्हे, ते वेहेरगाव. कार्ला अलीकडे, हमरस्त्याच्या बाजूला राहिलं. ‘वेहेर’ हे ‘विहार’वरून आलं असावं हे सांगायला भाषाशास्त्री लागत नाही. म्हणजे लेण्यांनी एका गावाला आपलं नाव दिलं आणि प्रवाशांनी लेण्यांना दुसऱ्याच गावाचं नाव चिकटवलं. अजिंठ्यालाही हेच घडलं आहे. लेण्यांच्या जवळचं गाव लेणापूर. अजिंठा हे घाटमाथ्यावरचं, रस्त्यावरचं, मुक्काम करायचं गाव, आणि 1819 मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या निमित्ताने ही लेणी बाहेरच्या जगाला कळली तेव्हा तेच नाव जगभर गेलं. दोन्ही ठिकाणी गुराख्याच्या, शेतकऱ्याच्या तोंडचं नाव लेणी जवळून पाहणाऱ्याचं आहे, तर पुस्तकातलं नाव लेण्यांकडे रस्त्यावरून येणाऱ्याचं.

गुहा, कडे, घळी, समुद्रातले खडक यांच्या नावांविषयी आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुधा गोष्टींच्या अंगाने. अमुक राजा आला, तमुक साधू बसला, पांडवांनी एका रात्रीत खोदलं, म्हणून हे नाव. या लेखाचं म्हणणं वेगळं आहे. कातळाचं नाव ही त्या कातळाच्या जन्माची हकिगत नसते, त्या कातळाशी कुणाचा काय व्यवहार होता याची ती नोंद असते. व्यवहार बदलला, माणसं बदलली की नाव बदलतं. व्यवहार टिकला तर नाव दोन हजार वर्षंही टिकतं. गोष्ट बहुतेक वेळा नावानंतर येते, नावाचा अर्थ लागेनासा झाला की. हे नुसतं अनुमान नाही. पश्चिम महाराष्ट्रात ते तपासून पाहण्याची एक सोय आहे, ती इतरत्र क्वचितच मिळते. इथल्या लेण्यांच्या भिंतींवरच त्यांची जुनी नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1881 मध्ये या लेखांचं वाचन पुस्तकरूपाने छापलं, तेव्हापासून जुनं नाव आणि आजचं नाव शेजारी शेजारी ठेवून बघता येतं.

कार्ल्यापासूनच सुरुवात करू. क्षत्रप राजा नहपान याचा जावई ऋषभदत्त याच्या लेखात करजिक नावाचं गाव दान दिल्याची नोंद आहे. ते दान आहे वलूरक इथल्या लेण्यांत राहणाऱ्या प्रव्रजितांना. पुढे सातवाहनांच्या काळातल्या लेखात मामाल आहारातल्या, म्हणजे मामाल प्रांतातल्या, अमात्याला उद्देशून आज्ञा आहे. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल याने तर चैत्याला ‘सेलघर’, म्हणजे शैलगृह, म्हटलं आहे आणि जंबुद्वीपात याहून उत्तम नाही असंही कोरून ठेवलं आहे. आता हिशेब पाहा. मामाल टिकलं, ते आजचं मावळ. वलूरक गेलं. त्याचा मागमूस एकाही गावाच्या, वाडीच्या, ओढ्याच्या नावात राहिला नाही. असं का? मामाल हे मुलखाचं नाव होतं. तिथे भात पिकत होता, सारा वसूल होत होता, राज्यं बदलली तरी वसूल करणारे कारकून आणि देणारे कुणबी कायम होते. वलूरक हे भिक्षूंच्या वस्तीचं नाव होतं. भिक्षू गेले, वर्षावास संपला, आणि ते नाव उच्चारण्याचं कुणाला कारणच उरलं नाही. दरम्यान चैत्याच्या दाराशी एकवीरा आली. ती कुलस्वामिनी कोळ्यांची, आगऱ्यांची, चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंची. चैत्रात पालख्या निघतात त्या मुख्यतः समुद्रकाठच्या गावांतून, बोरघाट चढून. त्या भाविकांच्या लेखी हा डोंगर एकवीरेचा गड आहे. म्हणजे मावळातल्या या कातळाला आज जे नाव सर्वाधिक तोंडांतून घेतलं जातं ते मावळातलं नाही, बंदरावरून वर आलेलं आहे. देशावरची माणसं लेण्याला रस्त्यावरच्या गावाचं नाव देतात आणि कोकणातली देवीचं. वलूरक म्हणतात ते फक्त अभ्यासक.

जुन्नरला हा खेळ आणखी स्पष्ट दिसतो, कारण तिथे गावाभोवतीच्या डोंगरांत लेण्यांचे इतके गट आहेत की एकाला दुसऱ्याचा पडताळा मिळतो. लेण्याद्रीच्या डोंगराचं नाव एका जुन्या लेखात कपिचित असं येतं. आज ते गणेश लेणं आहे, कारण तिथल्या मोठ्या विहारात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज बसला. अष्टविनायकांतला लेण्यात असलेला हा एकमेव. तुळजा लेणीत देवी तुळजाई आली आणि गटालाच तिचं नाव पडलं, जरी तिथलं वर्तुळाकार चैत्यगृह अभ्यासकांच्या दृष्टीने कितीतरी अधिक महत्त्वाचं असलं तरी. मानमोडी डोंगरात तीन गट आहेत: भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग. या तिन्ही नावांचा बौद्ध भिक्षूंशी संबंध नाही, आणि ज्यांनी ती ठेवली त्यांना असा संबंध होता हेही ठाऊक नसावं. भूतलिंगाच्या दर्शनी भागावर चंद नावाच्या यवनाच्या, म्हणजे ग्रीकाच्या, दानाचा लेख आहे. भीमाशंकर गटात नहपानाचा अमात्य अयम याचा 46व्या वर्षाचा लेख आहे. यवनाने खर्च केला, अमात्याने टाकं खोदवलं, पण नाव दोघांचंही लागलं नाही. पैसे देणारा आणि नाव ठेवणारा हे एक असतीलच असं नाही, हे आपल्या देणगीदारांनी जरा लक्षात घ्यायला हरकत नाही. नाव पडलं ते पुढच्या भाविकाच्या डोळ्यांतून. स्तूपाच्या जागी त्याला लिंग दिसलं, ओसाड दालनात भूत दिसलं, कोरीव स्त्रीमूर्तीत अंबिका दिसली. ही चूक होती असं म्हणण्यात अर्थ नाही. तो त्याचा व्यवहार होता, आणि नाव व्यवहारालाच चिकटतं.

इथे एक आक्षेप लगेच येईल, आणि तो घेण्यासारखा आहे. मानमोडी हे नाव स्वतःच अंबा-अंबिका गटातल्या लेखांतल्या ‘मानमुकुड’वरून आलं आहे. मुंबईजवळचं कान्हेरी हे लेखांतलं कण्हगिरी. दापोली तालुक्यातलं पन्हाळे हे ताम्रपटातलं प्रणालक. भिक्षू तर तिन्हीकडून गेले, मग ही नावं कशी टिकली? याचं उत्तर तिन्ही ठिकाणी वेगळं आहे, आणि तिन्ही उत्तरं मूळ मुद्द्याला पुष्टीच देतात. कान्हेरीला भिक्षूंची वस्ती कार्ल्यापेक्षा कितीतरी शतकं अधिक टिकली. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या अमलाखाली शिलाहार सामंत कोकणात असताना, तिथे विहारासाठी दानं दिली जात होती आणि त्या लेखांत कृष्णगिरी हे नाव आहे. म्हणजे जवळजवळ हजार वर्षं एकच नाव एकाच कामासाठी वापरात राहिलं, आणि तोवर ते आसपासच्या गावकऱ्यांच्या जिभेवर पक्कं बसलं. पन्हाळेकाजीची गोष्ट आणखी बोलकी. कोटजाई नदीच्या काठची ती 29 लेणी सुरुवातीला हीनयानी बौद्धांची, मग वज्रयानी बौद्धांची, मग शैवांची, शेवटी नाथपंथीयांची झाली. मालक बदलले तरी शतकानुशतकं त्यांचा वापर होत राहिला. तिथे मिळालेल्या 1139च्या शिलाहार विक्रमादित्याच्या ताम्रपटात प्रणालक हे राजधानीसारखं ठिकाण आहे, आणि पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी 1986च्या ग्रंथाच्या शीर्षकातच पन्हाळेकाजी आणि प्रणालक ही दोन नावं एकत्र आणली. राहिलं मानमोडी. ते डोंगराचं नाव आहे, आणि तो डोंगर जुन्नर शहराला लागून आहे. जुन्नरची बाजारपेठ सातवाहनांच्या काळापासून आजपर्यंत उठलेली नाही. त्या डोंगराकडे रोज पाहणारे, त्याच्या उतारावर गुरं नेणारे लोक सलग तिथेच होते. त्यांनी नाव ठेवलं, लेण्यांनी फक्त ते लिहून घेतलं, असं माझं मत आहे. आज मात्र ‘मानमोडी’ हे नाव कानावर पडलं की चढ पाहून मान मोडणारा डोंगर हा अर्थ आपोआप मनात येतो. हीच गोष्ट नावानंतर जन्माला येण्याची रीत.

दुसरा आक्षेप पांडवांचा. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातली लेणी पांडवलेणी कशी झाली, आणि मग महाराष्ट्रभर गावोगावी खोदीव कामाला पांडवांचंच नाव का? काही जण म्हणतील, ही जुनी लोकस्मृती आहे, तिला केवळ मागाहून सुचलेलं म्हणणं हे शिकलेल्यांचं उद्धटपण आहे. पण स्मृती म्हटली तर ती प्रत्येक ठिकाणी निराळी असायला हवी, जशी माणसांची आठवण असते. इथे मात्र सगळीकडे तेच पाच भाऊ, तीच एक रात्र, आणि बऱ्याच ठिकाणी तोच कोंबडा आरवून अर्धवट राहिलेलं काम. मालक हरवलेल्या वास्तूला मालक लागतो, आणि वनवासात रानावनातून फिरलेले, अचाट ताकदीचे, सगळ्यांना माहीत असलेले असे मालक भारतात दुसरे नाहीत. ‘पांडवलेणी’ हे नाव म्हणजे कोरलेला लेख वाचणारा कुणी उरला नाही याची पावती आहे. त्यात पांडवांची स्मृती नाही, भिक्षूंची विस्मृती आहे. आणि म्हणूनच ते कायमचं नाही. 1956च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात लेणी वाचणारा आणि त्यांना वंदन करणारा समाज पुन्हा उभा राहिला, तसं नाशिकमध्ये ‘त्रिरश्मी लेणी’ हे नाव पुस्तकातून बाहेर पडून फलकांवर आणि भाषणांत आलं. दीड हजार वर्षं मूक असलेलं नाव परत आलं, कारण ते वापरणारी माणसं परत आली.

तिसरा आक्षेप सर्वांत साधा आहे. बहुतेक खडकांना आकारावरूनच नाव पडतं, त्यात व्यवहार कुठला शोधायचा? खंडाळ्याजवळचा सुळका घ्या. आपण त्याला नागफणी म्हणतो, इंग्रजांनी ‘ड्यूक्स नोज’ म्हटलं, वेलिंग्टनच्या ड्यूकच्या नाकावरून. सुळका एकच, तेव्हा आकार काही नाव ठरवत नाही. पाहणाऱ्याच्या डोक्यात आधी काय भरलेलं आहे ते ठरवतं. शेतात फणा काढलेला नाग पाहणाऱ्याला फणा दिसली आणि छापील चित्रांतून ड्यूकचा चेहरा ओळखणाऱ्याला नाक दिसलं. महाबळेश्वरला हा फरक अधिक नेमका आहे. ज्या जागेला साहेबाने ‘केट्स पॉइंट’ म्हटलं, तिचं जुनं नाव नाके खिंड. गव्हर्नर माल्कमच्या मुलीचं नाव त्या जागेला मिळालं. खिंड ही वाट असते, ओझं घेऊन पलीकडे उतरायची. पॉइंट हा उभं राहून बघायचा. डोंगरात राहणाऱ्याने जागेचं काम सांगितलं आणि हवा खायला आलेल्याने देखावा सांगितला. आपण आज सर्रास पॉइंट म्हणतो, यात काही इंग्रजांची सक्ती नाही. आपणही आता तिथे हवा खायलाच जातो.

आणि एकदा नाव पडलं की खुद्द कातळही ते बदलू शकत नाही. वेरूळचं अकरावं लेणं ‘दो ताल’ म्हणून ओळखलं जाई, दोन मजल्यांचं. 1876 मध्ये गाळ उपसला तेव्हा खाली आणखी एक मजला निघाला, पण नाव दो तालच राहिलं. वेरूळच्या लेण्यांची ‘रावण की खाई’, ‘सीता की नहाणी’ ही नावं मराठी मुलखात हिंदी-दख्खनी धाटणीची का, असा प्रश्न पडतो खरा. उत्तर सोपं आहे. तो मुलूख 1948पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि साहेब लोकांना लेणी दाखवणारे, त्यांच्या वह्यांत नावं भरणारे जवळपासचे लोक त्या बोलीत बोलत होते.

आता घाट उतरून समुद्रावर जाऊ, कारण खडकांच्या नावांचा खरा कस तिथे लागतो. डोंगरातलं नाव विसरलं तर फार तर वाट चुकते. समुद्रातला खडक विसरला तर होडी फुटते. त्यामुळे दर्यावर नावं ठेवणारा मुख्य माणूस तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आणि त्याचं नाव राजाच्या नावालाही सहसा हार जात नाही. मुरूडसमोर कासा नावाच्या खडकावर शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध पद्मदुर्ग उभारला. इतिहासाच्या पुस्तकात पद्मदुर्ग आहे, मुरूडच्या कोळीवाड्यात आजही कासा किल्ला आहे. याउलट मालवणला कुरटे बेटावर 1664 मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला आणि कुरटे हे नाव पुसलं गेलं. फरक इतकाच की सिंधुदुर्गात माणसं कायम राहिली, देऊळ उभं राहिलं, वंशपरंपरेची घरं झाली. त्यांच्या पत्त्यात किल्ला होता, बेट नव्हतं. कासा मात्र कोळ्यांच्या जाळ्यांच्या टापूतच राहिला. खांदेरीचं तसंच. 1998 मध्ये त्या बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव देण्यात आलं. आंग्रे यांच्याविषयी आदर कुणाला नाही? तरीही थळच्या आणि अलिबागच्या होड्या खांदेरीलाच जातात, आणि 2025च्या जुलैत युनेस्कोने मराठा लष्करी स्थळांना जागतिक वारसा म्हटलं तेव्हा यादीतही खांदेरीच होतं.

मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. सिंधुदुर्गाच्या मुहूर्ताची पूजा झाली ती इथे, अशी परंपरा. धोंडा हा शब्द आपल्याकडे शिवीइतका रांगडा, पण कोकणात पूजनीय दगडाला तो बिनदिक्कत लागतो. तिथला माणूस धोंड्याला दगड म्हणून ओळखतोच, त्यातला मोरया तो पूजेने घडवतो. गुहागर तालुक्यातल्या हेदवीला समुद्रकाठच्या उमामहेश्वर मंदिराच्या मागे कातळात एक अरुंद चीर आहे. भरतीला लाट त्या चिरेत घुसते आणि दाबाने कित्येक हात उंच फवारा उडतो. ती बामणघळ. गोष्ट ऐकायला बसलो तर कुणी ब्राह्मण इथे कसा पडला याच्या आवृत्त्या ऐकायला मिळतील. त्या खऱ्या की खोट्या यापेक्षा नावाने काय काम केलं ते महत्त्वाचं. पावसाळ्यात त्या कातळावर पाय टाकणाऱ्याला ‘घळ’ एवढं सांगून पुरत नाही. इथे माणूस गेला आहे हे सांगावं लागतं, आणि ‘बामणघळ’ हे नाव ते पाच अक्षरांच्या पुढे न जाता सांगतं. पर्यटन खात्याचा फलक लागण्याच्या कितीतरी आधीचा हा धोक्याचा फलक आहे.

मुंबई बंदरातलं घारापुरी हे या सगळ्याचं एकत्र उदाहरण. पोर्तुगीज दर्यावर्दींनी किनाऱ्याजवळचा दगडी हत्ती ही खूण धरली आणि बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं. 1814 मध्ये तो हत्ती कोसळला, पुढे तुकडे मुंबईत नेऊन आजच्या जिजामाता उद्यानात जोडून उभा केला. हत्ती बेटावर नाही, पण 1987 मध्ये युनेस्कोने वारसा ठरवला तो एलिफंटा याच नावाने. बेटावरच्या तीन वस्त्यांची नावं मात्र राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशी आहेत. होडी कुठे लागते, एवढंच त्यांना सांगायचं आहे. मलबार टेकडीच्या टोकाला श्रीगुंडी नावाची एक खडकातली फट होती, तिच्यातून पार झाल्याने पाप फिटतं अशी श्रद्धा. ते टोक पुढे गव्हर्नरच्या निवासाच्या कुंपणात गेलं, तरी राजभवनाच्या आवारात श्रीगुंडी देवीचं ठाणं राहिलं. सरकारी कुंपणापेक्षा भाविकाची जीभ लांब.

पुणेकरांनी हे सगळं घाटाखालचं किंवा मावळातलं म्हणून सोडून देऊ नये. जंगली महाराज रस्त्यावर आठव्या शतकाच्या सुमारास खोदलेलं एक लेणं आहे. सपाट कातळात वरून खाली खोदत गेल्यामुळे ते जमिनीच्या पातळीखाली आहे, आणि म्हणून पाताळेश्वर. एकोणिसाव्या शतकातल्या कागदपत्रांत ते पांचाळेश्वर या नावानेही भेटतं, म्हणजे तिथेही द्रौपदीचा आणि पर्यायाने पांडवांचा प्रवेश झालेलाच होता. इंग्रजांनी त्याला भांबुर्ड्याची लेणी म्हटलं. ते भांबुर्डं आता शिवाजीनगर झालं. 1890 मध्ये समाधिस्थ झालेल्या जंगली महाराजांचं मंदिर शेजारी आहे, आणि आज पत्ता सांगताना अनेक जण लेण्यावरून मंदिर सांगत नाहीत, मंदिरावरून लेणं सांगतात. बाराशे वर्षांच्या कातळाची ओळख सव्वाशेहून थोड्या अधिक वर्षांच्या समाधीवरून. यात लेण्याचा अपमान नाही. समाधीला रोज येणारा माणूस आहे, लेण्याला रविवारचा आहे.

मग जुनी नावं परत आणावीत का? वलूरक, कपिचित ही नावं सरकारी आदेशाने लादली तर त्यांचं कान्होजी आंग्रे बेटासारखंच होईल. नाव आदेशाने कागदावर येतं, जिभेवर येत नाही. पण ‘लोक म्हणतील तेच खरं’ असं म्हणून हात झटकणंही बरोबर नाही, कारण लोक म्हणजे कोण हाच तर वाद आहे. कार्ल्याला एकवीरेचा भक्त लोक आहे, बौद्ध उपासकही लोक आहे आणि वेहेरगावचा शेतकरीही लोकच आहे. एकाचं नाव खोडून दुसऱ्याचं लिहिणं हा इतिहास नाही. आता तर चौथा माणूस आला आहे, तो मोबाइलवरचा नकाशा घेऊन फिरणारा. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी असलेला वाळूचा पट्टा ‘त्सुनामी आयलंड’ म्हणून ओळखला जातो, तो 2004 नंतर. पाण्यातल्या खेळांच्या होड्या पर्यटकांना तिथे नेऊ लागल्या आणि नकाशात तेच छापलं गेलं. वीस वर्षांत एक नाव रुजलं, कारण ते घेणाऱ्याचं पोट त्यावर चालतं. त्याआधी त्या पट्ट्याला मच्छीमार काय म्हणत, हे विचारून ठेवण्याची वेळ अजून गेलेली नाही, पण फार दिवस राहणारही नाही.

म्हणून मागणी साधी आहे. पुरातत्त्व खात्याने आणि जिल्हा परिषदांनी लेण्यांच्या, कड्यांच्या, किनाऱ्यावरच्या खडकांच्या फलकावर एकच नाव लिहिणं थांबवावं. कोरलेल्या लेखातलं नाव, पायथ्याच्या गावाचं नाव, भाविकाचं नाव आणि नकाशातलं नाव अशी चारही लिहावीत, आणि कुठलं नाव कुणाचं हेही लिहावं. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, डेक्कन कॉलेज आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक तालुक्यातली खडकांची, घळींची, खडपांची नावं तांडेलांकडून आणि गुराख्यांकडून विचारून घेण्याचं काम देता येईल. आणि दिवाळीच्या सुटीत कोकणात किंवा मावळात जाणाऱ्या वाचकाने पॉइंटवर फोटो काढून झाला की तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला एवढंच विचारावं: याला तुम्ही काय म्हणता?